आधी नासवा, मग या

किळस आली की माझ्या जिभेखाली पाणी सुटतं. शेती कार्यालयात बाबांशेजारी बसले होते तेव्हा तसंच झालं. टेबलावर साय धरलेला चहा, त्यात पडलेली माशी, आणि पलीकडे साहेब. घरी आम्ही त्यांना 'बघूया साहेब' म्हणतो, कारण काहीही विचारा, ते "बघूया" म्हणतात. त्या दिवशी मात्र चक्क "नाही" म्हणाले.

"ओढ्याकाठी गवताचा पट्टा राखला की अनुदान मिळतं ना?" बाबांनी विचारलं. "मग आम्हाला का नाही? आमचा पट्टा माझ्या वडिलांपासून आहे."

"तीच तर अडचण आहे." साहेबांनी बोटाने माशी काढली आणि बोट पडद्याला पुसलं. "योजना नवा पट्टा तयार करायला आहे. तुमचा आधीच तयार. झालेल्या कामाला अनुदान कसं देणार?"

"म्हणजे राखला हे चुकलं?"

"चुकलं असं नाही हो." साहेबांनी आवाज खाली आणला. "नांगरून टाका. एक हंगाम उघडी जमीन दिसू दे, मग अर्ज करा. तुमच्या शेजाऱ्याने तेच केलं की! आधी नासवा, मग या."

मला वाटलं, बाबा आता टेबल उलटं करतात. ते नुसते उठले. साहेबांनी तोच चहा ओठाला लावला.

शेजारी म्हणजे तुळतुळीत काका. डोकं तुळतुळीत, बोलणं तुळतुळीत आणि शेतसुद्धा. ओढ्यापर्यंत सगळं जाळून, तोडून, नांगरून झालं. दर पुराला त्यांची माती ओढ्यात जायची, आणि आता तीच माती अडवायला गवत लावा म्हणून सरकार त्यांना अनुदान देतंय! लावलेल्या गवताच्या उगवल्या चार काड्या. 'संरक्षित गवताळ पट्टा' ही हिरवी पाटी मात्र जोमात आली होती.

आणि आमचं गवत? माझ्या खांद्याला लागतं. पुराचं पाणी त्यात शिरलं की दमून हळू चालायला लागतं. यंदा शाळेत मला भाषणाचं पहिलं बक्षीस मिळालं. ते भाषण सगळ्यात आधी त्या गवताने ऐकलं होतं. मधे मधे टिटवी ओरडून हरकत घ्यायची, तेवढंच.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "शनिवारी ट्रॅक्टर सांगितलाय."

आत्याने हातातली परात आपटली. "डोकं फिरलं का तुझं, दादा?"

"फिरलंच. राखणारा मूर्ख आणि जाळणारा आदर्श शेतकरी! सगळे हसतात मला. आणखी किती वर्षं मूर्ख राहू?"

मी पुष्कळ बोलले, रडले, जेवले नाही. मग भूक लागली म्हणून जेवले. ट्रॅक्टर शनिवारीच येणार होता.

शुक्रवारी सकाळी बघूया साहेब धापा टाकत आमच्या बांधावर आले. मागे तुळतुळीत काका, खांद्यावर ती पाटी.

"मुख्य कार्यालयातून मोठ्या बाई आल्यात पाहणीला," साहेब म्हणाले. "अर्धा तास पाटी तुमच्या गवतात रोवतो. शेजारधर्म समजा."

बाबा काही बोलायच्या आत काकांनी पाटी ठोकलीसुद्धा.

"घ्या!" आत्या म्हणाली. "आयत्या बिळावर नागोबा, वर बिळाला नावाची पाटी!"

मोठ्या बाई कोरे करकरीत गमबूट घालून उतरल्या. गवतावरून हात फिरवत म्हणाल्या, "अहाहा! एका वर्षात एवढं?"

"मेहनत, बाई, मेहनत," काकांनी कोरडं कपाळ पुसलं.

माझ्या जिभेखाली पुन्हा पाणी सुटलं. ते गिळून मी पुढे झाले.

"बाई, हे गवत आमचं आहे. काकांचं तिकडे आहे, त्या चार काड्या. आणि उद्या आमचं हे गवत नांगरलं जाणार आहे, कारण तुमचे साहेबच म्हणाले, आधी नासवा, मग या!"

टाळ्यांची जागा होती. पण फक्त टिटवी ओरडली.

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी स्वतःच्या बुटांकडे. मग बाईंनी मोबाईल काढला, पट्ट्याच्या चारही कोपऱ्यांवर जाऊन जागेची नोंद केली आणि म्हणाल्या, "आजपासून हा पट्टा संरक्षित. याला कोणीही नांगर लावला तर दंड."

मी उडीच मारली. वाचलं!

"आणि अनुदान?" बाबांनी विचारलं.

"ते ज्यांचा अर्ज त्यांना. काकांचा आहे ना?" बाई कपड्यांवरचं कुसळ टिपत होत्या. "आता नाव बदलायचं म्हणजे चौकशी आली, वर कळवणं आलं, सगळ्यांचंच अडतं. तुमचं गवत वाचलं ना? मग झालं तर."

म्हणजे गवत आमचं, राखायचं आम्ही, नांगरलं तर दंड आम्हाला, आणि अनुदान खायचं काकांनी! आणि हे कोणाच्या भाषणाने जमून आलं? माझ्या!

गाड्या गेल्यावर काकांनी माझ्या गालावर थापटलं. हातही तुळतुळीतच. "शाब्बास पोरी, काम पक्कं करून दिलंस. लक्ष ठेव हं आमच्या गवतावर."

मी नळाखाली साबणाने गाल धुतला. परत धुतला.

"आता कशाला रडतेस?" बाबा मागून म्हणाले. "तुला हवं तेच झालं ना?"

"असं नको होतं."

"मग कसं?"

मी परत साबण घेतला. शनिवारी ट्रॅक्टरवाल्याने पाटी वाचली आणि "तुम्हीपण सरकारी झालात होय!" म्हणत ट्रॅक्टर मागे फिरवला.

पाटी अजून तिथेच आहे. आत्या तिच्यावर फरशीचं फडकं वाळत घालते. "सरकारी वस्तू आहे, कोणाच्या तरी कामी यायला नको?" उरलेल्या जागेवर पक्षी बसतात आणि खुशाल घाण करतात. मी एकालाही हुसकावत नाही.

परवा बघूया साहेब बांधावर गाडी थांबवून ओरडले, "पुढच्या आठवड्यात फोटो काढायला येतायत. तेवढी पाटी धुऊन ठेवाल का?"

बाबांनी पाटीकडे पाहिलं. वरून खालपर्यंत, सावकाश.

"बघूया," ते म्हणाले.