एका तासाचा फरक

मुन्सिफचं घड्याळ बेसिनच्या कडेला पालथं पडलेलं, पट्टा अजून ओलसर... बतूलने ते पुसलं आणि सवयीने तीन तास वजा केले. वेळ जुळेना. कासाब्लांकात आत्ता दहा वाजलेत, म्हणजे दुबईला एक — आणि हे बारा दाखवतंय. काटा तर व्यवस्थित चालतोय. घरी येऊन आईच्या हातचा पुदिन्याचा चहा घेतल्याशिवाय मुन्सिफ कधी काटे फिरवत नाही. मग हा एक तास गेला कुठे?

दुबईचं विमान आठ तासांहून जास्त घेतं. नवरा पहिल्यांदा तिथे नोकरीला गेला तेव्हा ती नकाशावर बोट फिरवत बसायची — अरबस्तान, इजिप्त, लिबियाचं वाळवंट, संपतच नसे. एवढं अंतर तोडून आलेला मुन्सिफ तिला पाठ होता. पाय असे सुजलेले की बूट ओढून काढावे लागत. आज ते दारातच अलगद निघाले. आणि शर्टाची इस्त्री... कुणाच्या हातची?

"बघ गं, कसा ताजातवाना आलाय!" सासू, लल्ला ताम्मू, चहा ओतत म्हणाली. "विमानात पाळण्यात घालून आणतात की काय याला?"

मुन्सिफ हसला. जरा उशिराच हसला.

"थेट विमान होतं ना?" बतूलने विचारलं.

"थेटच की. बसलो तसा झोपलो."

तो पेल्यावर वाकला, वाफेआड. एव्हाना बतूलच्या मनात त्या बाईला चेहराही आला होता — उंच, सावकाश बोलणारी, शर्टाची कॉलर बोटांनी सपाट करणारी...

सासू शेजारणीकडे जाताच तिने घड्याळ त्याच्यासमोर ठेवलं.

"ही वेळ कुठली रे?"

त्याने घड्याळ उचलून पालथं ठेवलं. मग म्हणाला, "इस्तंबूलची."

"कोण आहे ती?"

"ती? वेडी का तू? दुबईची नोकरी गेली माझी, बतूल. रमजानच्या आधीच. तिथे एका मित्राच्या गोदामात खोकी उचलतोय. आईला एवढ्यात नको सांगूस."

"आणि इस्त्री?"

"मीच केली. म्हटलं, घरी जाताना माणसात दिसावं."

खरंच वाटत होतं ते. त्याच्या तळहातांना घट्टे होते, तिने ते आत्ता पाहिले. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं... पण रमजानपासूनचे सगळे फोन एकेक करून उठून बसले. 'इथे केव्हाचाच अंधार पडलाय, झोपतो आता' — म्हणजे दर वेळी तो इस्तंबूलच्या वेळेत खोट्याचा एक तास हिशोबाने मिळवत होता, एकदाही न चुकता. आणि मी? गेल्याच आठवड्यात मी शाळेचा राजीनामा दिला, दुबईला जायचं म्हणून. देऊ ना, विचारलं होतं. दे, म्हणाला होता. किती सहज... दे.

"भूक लागली असेल तुला," मुन्सिफ उठत म्हणाला. "भट्टीवरून गरम पाव घेऊन येतो."

जिन्यावर त्याची पावलं उतरत गेली. बतूल खिडकीशी आली. भट्टी मशिदीच्या पलीकडच्या कोपऱ्यावर — जायला पाच मिनिटं, यायला पाच, रांग असली तर आणखी थोडी... पाठमोरा मुन्सिफ वळणाआड गेला, आणि मग तिच्या ध्यानात आलं की आपण मोजतोय.