मास्तरांचं ताट

भूक मारून वजन उतरवणारी ही नवी गोळी माणसाला सोसते का, एवढंच पाहायला आम्हा धडधाकट मंडळींना त्या वॉर्डात ठेवलं होतं. काहींना खरी गोळी, काहींना बिनऔषधाची. कुणाला कुठली ते सांगत नसत. मला सांगायची गरजच नव्हती. माझ्या पोटात दिवसभर कावळे ओरडत होते.

शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना आम्ही मास्तर म्हणायचो, कारण ते नर्सच्याही बोलण्यात चुका काढायचे. त्यांना मात्र अन्न बघूनच मळमळायचं. नर्स ताटात उरलेलं अन्न तोलून डॉक्टरांना कळवायची; फार उरलं तर घरी रवानगी. "अर्ध्यावर घरी पाठवलं तर बायको म्हणेल, तुम्हाला नुसतं पडून राहणंही जमलं नाही," असं म्हणत मास्तर हळूच ताट माझ्याकडे सरकवायचे. मी चाटूनपुसून खायचो, आणि वर उपकार केल्याचा आव.

फेरीवर आलेल्या डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या, "सगळे नीट जेवताहेत, म्हणजे गोळी सोसतेय. आता पुढच्या गटाला दुप्पट मात्रा देऊ."

पुढच्या गटात माझी धाकटी बहीण होती. मीच तिला भरीला घातलं होतं. बॅग घेऊन बाहेर बाकावर बसली होती. मी पाणी प्यायलो, खिडकी उघडली, परत लावली. मास्तर भिंत धरधरून संडासाकडे निघाले होते आणि डोळ्यांनीच मला गप्प बसायला सांगत होते. तेवढ्यात बाहेर कुणीतरी बहिणीला हाक मारली.

"डॉक्टर, थांबा! मास्तरांचं ताट मी खातोय. पहिल्या दिवसापासून."

"अहो, शोभतं का हे?" म्हणत मास्तर तिथेच खाली बसले. झोपवून मोजला की त्यांचा रक्तदाब ठीक यायचा. आता उभं करून मोजला, तर इतका खाली आला की बाईंचा चेहराच उतरला. मास्तरांना सलाइन लावलं, पुढच्या गटाला परत पाठवलं.

बहीण दारातूनच कडाडली, "दादा, रजा टाकून आले होते मी! तुझी खा-खा नडली!"

संध्याकाळी ताट आलं. दोन घास घेतले, तिसरा काही उतरेना. बहिणीच्या तळहातावर पडता पडता राहिलेली दुप्पट गोळी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

नर्सने उरलेलं अन्न तोललं. "अरे वा, भूक कमी झाली? गोळी लागू पडलेली दिसतेय."

"गोळी नाही हो," मी म्हणालो. "घाबरलोय मी. तसंच लिहा."