गादीवरची जागा

"काका, बसा ना. काहून उभे राहून राहिले?" दुकानाचे मालक सुशीलभाऊ म्हणाले.

"मले उभंच बरं वाटते," देवाजी निखारे म्हणाले आणि हातातला साड्यांचा गठ्ठा उगाचच खालीवर केला.

"टाके दुखून राहिले का अजून?"

"हौ. थोडेसे."

देवाजींच्या पोटावर एकही टाका नव्हता. प्रोस्टेटचं ऑपरेशन दुर्बिणीने झालं होतं, पण गांधीबागेतल्या त्या साडीच्या दुकानात त्यांनी हर्निया म्हणून सांगितलं होतं. हर्निया कसा, चारचौघांत सांगता येण्यासारखा आजार. कष्ट करणाऱ्या माणसाला शोभून दिसतो. प्रोस्टेट म्हटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात आणि मग नजर खाली नेतात.

लघवीची नळी काढली तेव्हापासून ताबा राहिला नव्हता. खोकला आला, वाकलं, बसून उठलं की थोडी सुटायचीच. आणि दुकानात काम काय, तर मांडी घालून बसायचं, पुढे वाकून साडी पसरायची, उठून कपाटातली दुसरी काढायची आणि परत बसायचं. तेही पांढऱ्याशुभ्र चादरीच्या गादीवर. त्या चादरीवर चहाचा थेंब पडला तरी सुशीलभाऊंचे वडील दिवसभर बोलायचे नाहीत. देवाजी तरुणपणी त्या गादीवर बसले ते केस पिकेपर्यंत. आता ते तिच्या कडेला उभे राहायचे. पॅड लावलेलं असायचं, पण त्याचा भरवसा कोण देणार?

या बाजारात एक रीत आहे. सेल्समन गादीवर बसेनासा झाला की समजायचं, त्याचं मन दुसऱ्या दुकानात लागलं. भांडण नाही, बोलणं नाही. आधी माणूस उभा राहायला लागतो आणि मग एक दिवस समोरच्या दुकानात मांडी घालून बसलेला दिसतो. सुशीलभाऊ रोज बघत होते आणि मनात कुढत होते.

प्रतापनगरातल्या घरी विचारणारं कोणी नव्हतं. बायको प्रेमिला वारली होती. मुलगी दामिनी पुण्याहून ऑपरेशनसाठी आली, नळी निघाली तशी परत गेली. ती रोज फोन करायची. "सगळं नॉर्मल ना बाबा?" "एकदम नॉर्मल." बाप मुलीला याहून जास्त काय सांगणार. ओले पायजमे ते स्वतः धुवायचे आणि आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवायचे. गच्चीवर टाकले तर शेजारीण विचारायची, एकट्या माणसाचे इतके पायजमे कसे.

सुरुवातीला त्यांनी पाणी पिणंच सोडलं होतं, तेही नागपूरच्या उन्हात. मग लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टर रागावले. "पाणी भरपूर प्या निखारेजी. आणि व्यायाम करा. लघवी मध्येच रोखतो तसं आतून आवळायचं, धरायचं, सोडायचं. कुठेही करा, कोणाला समजत नाही."

देवाजींनी तो दुकानातच सुरू केला. गिऱ्हाईक भाव पाडून मागत असलं की ते ओठ मिटून, भिंतीकडे बघत आवळून धरायचे. म्हातारा आता हलत नाही असं समजून गिऱ्हाईकच थोडं वर यायचं. व्यायामाचा हा फायदा डॉक्टरांना माहीत नसावा.

हळूहळू फरक पडला. आधी रात्र कोरडी जाऊ लागली. मग नुसतं बसलं तर काही होईना. उठताना आणि खोकताना दगा व्हायचा, तोही कमी होत गेला. एकदा सकाळचं पॅड दुपारपर्यंत कोरडं राहिलं. दुकानामागच्या संडासात देवाजी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. इतका आनंद झाला, पण सांगायचा कोणाला? असल्या गोष्टीचे काय पेढे वाटतात? आजारपणात वाटलं नव्हतं इतकं एकटं त्यांना त्या क्षणी वाटलं.

तरी गादीवर बसायची हिंमत होईना.

एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सुशीलभाऊ जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काका, जायचं असन तर सांगून द्या. मी रोखत नाही. पण असं रोज उभं राहून मले नका दाखवू. बाबाच्या जागी मानतो मी तुमाले."

"कुठं जायचं?"

"ते तुमालेच माहीत. उद्यापासून तुमच्या जागी साड्यांच्या घड्या करणाऱ्या ओमप्रकाशले बसवतो."

खरं काय ते देवाजींच्या जिभेवर आलं होतं. सांगितलं असतं तर सुशीलभाऊंनी लगेच खुर्ची दिली असती, औषधपाण्याची चौकशी केली असती, आणि मग रोज संध्याकाळी गुपचूप चादर बघितली असती.

तेवढ्यात उमरेडकडची मंडळी लग्नाच्या साड्या घ्यायला दुकानात शिरली. देवाजींनी चपला काढल्या, गादीवर गेले आणि आपल्या जागी मांडी घातली.

"नवरीच्या मायसाठी दाखवा जी," त्यांच्यातली एक बाई म्हणाली. "लय भडक नको."

देवाजींनी साडी झटकून पसरली. मग दुसरी, तिसरी. ते आवळून वाकत होते, आवळून उठत होते. बायकांचं एकमत होत नव्हतं, कपाट रिकामं होत चाललं होतं. मध्येच देवाजींना खोकला आला. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढे साड्या पसंत झाल्या, पिशव्या भरल्या गेल्या, मंडळी गेली.

देवाजी उठले आणि चादर नीट करण्याच्या निमित्ताने मागे वळले. बसलेल्या जागी सुरकुत्या होत्या. बाकी चादर पांढरी होती. त्यांनी तिच्यावरून तळहात फिरवला.

"आता कसं बसले," सुशीलभाऊ म्हणाले. "माहा जीव भांड्यात पडला काका. चहा सांगतो."

संध्याकाळी दामिनीचा फोन आला.

"दामू, आज मी गादीवर बसलो," देवाजी म्हणाले.

"म्हणजे?"

"दुकानात. दुपारभर साड्या दाखवल्या."

"मंग रोज काय करता? बसूनच तर राहता न तुम्ही." ती हसली. "ठेवू का बाबा? कुकर लावला हाये."

"ठेव."

देवाजींनी फोन खाली ठेवला. प्रेमिलाला त्या एका वाक्यावरून सगळं कळलं असतं. तिने आधी विचारलं असतं, "कोरडं हाये ना?" आणि मग पदर तोंडाला लावून हसली असती.

"हाये," देवाजी म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं, तरी जरा मोठ्यानंच म्हणाले.