नवाबाचे लाड

कोल्हारच्या टांगास्टँडवर बसणाऱ्यांपैकी नवाबाला ज्यानं बिघडवलं नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही. मी सगळ्यांची गणती केली आहे. गूळ माझ्याच दुकानातला, तेव्हा माझं नाव वरच्या चार-पाचांत.

गनीभाई टांगेवाल्याची घोडी व्याली आणि तिसऱ्या दिवशी मेली. शिंगरू मागं राहिलं. सकीनाभाभीला मूलबाळ नव्हतं. तिनं त्याला शेळीच्या दुधावर वाढवलं, ओसरीवर निजवलं, नाव ठेवलं नवाब. गनीभाई त्याला रोज स्टँडवर आणी. तिथं तो मागच्या पायांवर उभा राही आणि पुढचे दोन्ही माणसाच्या खांद्यांवर टाकी. मग हशा, मग गूळ. सहादेव टपालवाला तर स्वतःहून छाती काढून उभा राहायचा, "या नवाबसाहेब, गळाभेट!"

तीन वर्षांत नवाबाचं वजन वाढलं, खेळ तोच राहिला. हातात गूळ नसला की चावायचा. चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात त्यानं सहादेवाच्या दंडाचा लचका तोडला. गळाभेट मागणारा सहादेव आता गोळी मागू लागला.

आबासाहेब पाटलांकडे परवान्याची बंदूक होती. "गनी, आणखी एका माणसाला लागलं की मी येतो. मग रडायचं न्हाई."

गनीभाईनं जामखेडहून आसारामला आणलं. त्यानं पंचवीस वर्षं पलटणीतली घोडी वळवली होती. दोन दिवस तो नुसता बघत बसला.

"ह्याला तुमी घोडं कदी दावलंच न्हाई," तो म्हणाला. "आईनं दोन लाथा घातल्या असत्या तर शिकला असता. ह्यो तुमालाच घोडं समजतुया."

"मग करू काय?"

"टांग्याची म्हातारी घोडी ह्याच्याशेजारी बांधा. हातानं काय द्यायचं न्हाई, गोंजारायचं न्हाई. अंगावर आला की तितंच मागं सारायचा. आन् हे घरातल्या समद्यांनी."

'समद्यांनी' म्हणताना त्यानं सकीनाभाभीकडं पाहिलं. तिनं पदर पुढं ओढला.

म्हातारीनं पहिल्याच दिवशी दोन लाथा दिल्या. नवाब जेवायला न बोलावलेल्या जावयासारखा कोपऱ्यात उभा राहिला. तिसऱ्या आठवड्यात दोरी ढिली असतानाही तो आसारामच्या मागं चालू लागला. "दिवाळीला जुंपतो," गनीभाई स्टँडवर सांगू लागला. आम्ही माना डोलावल्या. डोलवायला काय जातं?

सकीनाभाभीचं मात्र जेवण तुटलं. "माज्याकडं बघत बी न्हाई आता," ती माझ्या बायकोला म्हणाली. "लेकराला परकं केलं ह्यांनी." दुसऱ्या दिवशी सकाळी गनीभाई टांगा घेऊन स्टँडवर होता, आसाराम विहिरीवर. ती गूळ घेऊन नवाबाकडं गेली.

आसाराम परतला तेव्हा ती गव्हाणीला टेकून बसली होती. "शिडीवरनं पडले," म्हणाली. गनीभाईला तेच सांगितलं, हकिमाला तेच, विचारायला आलेल्या पाटलांनाही तेच. तिसऱ्या दिवशी तोंडातून रक्त आलं आणि ती गेली. मयताला आंघोळ घालताना शेजारच्या बिस्मिल्लाबीला तिच्या दोन्ही खांद्यांखाली खुराएवढे काळेनिळे डाग दिसले. तिनं ते फक्त गनीभाईला सांगितलं.

आठ दिवस गनीभाईनं ते मनातच ठेवलं. बायकोला घोडा जगवायचा होता, आणि नवाब तर कधी नव्हता इतका शहाणा झाला होता. नवव्या दिवशी तो त्याला दोरीनं धरून स्टँडवर आला. भाजीवाल्या कडूबाईनं पाटीतून गुळाचा खडा काढून धरला. "ये रं बाबा, आई गेली तुजी."

नवाबाचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. गनीभाईनं सगळं अंग दोरीवर टाकून त्याला खाली ओढलं आणि त्याला घेऊन तसाच पाटलांच्या दारात गेला.

"आबासाहेब, बंदूक घ्या."

"का? कुणाला लागलं?"

"सकीना शिडीवरनं पडली न्हवती."

पाटलांनी पान थुंकलं. "तिनं सांगितलं तुला?"

"न्हाई. तिनं लपवलं. माज्याच्यानं आता लपवनं हुईना."

नवाबाला प्रवरेच्या पात्रात नेताना पाटील म्हणाले, "दोरी आसारामकडं दे. तू घरी जा."

"तो आज दुसऱ्याजवळ उभा ऱ्हायचा न्हाई," गनीभाई म्हणाला, आणि त्यानं दोरी आखूड धरली.

आवाज झाला तेव्हा आम्ही सगळे स्टँडवरच होतो. खड्डा खणायला चला म्हणून आसाराम बोलवायला आला. सहादेवाचा दंड दुखत होता, मला दुकान होतं, बाकीच्यांनाही काही ना काही होतंच.