कलाबाईंचा चमचा

नागरिकहो, आधी एक काम करा. घरातला रोजचा चमचा उचला आणि सांगा, त्यात किती मिलिलिटर मावतं? नाही ना सांगता येत? वाईट वाटून घेऊ नका. सुरतेतल्या नवागामच्या कलाबाईंनाही सांगता येत नव्हतं, आणि वर त्याचा त्यांना अभिमान होता.

कलाबाई मूळच्या शिंदखेड्याकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या त्याला अठ्ठावीस वर्षं झाली, पण एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला काही मोजून दिलं नाही. शेजारणीनं वाटीभर पीठ मागितलं की ताटभर जायचं. "मोजीसन देवाले मी काय दुकानदार शे का?" असं वर विचारायच्या. त्यांच्या मते मोजणं म्हणजे कंजुषी, आणि घरच्या माणसाला मोजून देणं म्हणजे तर माया आटल्याचंच लक्षण.

औषधाच्या बाटलीवर रेघा आखलेली टोपी येते ना, ती या घरात औषधाच्या कामाला कधी आलीच नाही. कलाबाई घरबसल्या साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. सोनेरी टिकल्या एका टोपीत, लाल दुसरीत, हिरव्या तिसरीत. जमेला सात टोप्या. औषधासाठी मात्र चमचा.

त्यांचे यजमान हिलालभाई डाइंग मिलमध्ये रंग तोलायचे. मिलमध्ये एका ग्रॅमचा फरक पडला तरी काटा पुन्हा लावतील असा माणूस; पण घरी येताना ती शिस्त काट्यापाशीच ठेवून यायचे. सून वर्षा अमळनेरची, केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. दीड वर्षाच्या ताराला ती मापानं दूध पाजायची. कलाबाई म्हणायच्या, "लेकरूले दूध पाजस का परीक्षा लेस?" यावर हिलालभाई पोट धरून हसायचे. हे हसणं लक्षात ठेवा, पुढे त्याची वजावट व्हायची आहे.

ताराला ताप आला. डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं, सहा सहा तासांनी पाच मिलिलिटर. दोन दिवसांत बाटली संपली. मुलगा चेतन पर्वत पाटिया भागात साडीच्या दुकानात कामाला. तो सकाळी जाताना नवी बाटली ठेवून गेला. "दुकानात ती मोठी बाटली नव्हती. नाव तेच आहे, फक्त बाटली छोटी," एवढं सांगून पळाला. बाटलीसोबत एक ड्रॉपर होता. तो कलाबाईंनी लगेच डिंकाच्या डबीत घातला. टिकलीखाली एक एक थेंब सोडायला किती सोयीचा!

वर्षा आतून पाणी भरून आली तेव्हा तारा आजीच्या मांडीवर होती आणि काठोकाठ भरलेला चमचा तिच्या ओठांपाशी. वर्षाची नजर बाटलीवर गेली.

"आत्याबाई, थांबा!"

तिनं सासूचा हात धरला. चमचा उडाला, औषध टिकल्या लावलेल्या पांढऱ्या साडीवर सांडलं, तारा रडायला लागली. आणि कलाबाईंचा चेहरा असा झाला की जणू भर गल्लीत कुणी त्यांना चोर म्हटलं.

"मनी नात शे ती! मी काय तिले जहर दी ऱ्हायनू?"

"तसं नाही हो. ही बाटली वेगळी आहे. जुनीत पाच मिलिलिटरमध्ये एकशे पंचवीस मिलिग्रॅम होतं. हिच्यात एका मिलिलिटरमध्येच शंभर. तुमच्या चमच्यानं..."

"मना चमचानं तुना नवरा मोठा व्हयना!"

पुढचं ऐकायला कलाबाई थांबल्याच नाहीत. वर्षानं डॉक्टरांना फोन लावला. "या बाटलीतलं सव्वा मिलिलिटर, बस," ते म्हणाले. मेडिकलमधून बिनसुईची सिरिंज आणून तिनं तेवढंच पाजलं. दुपारी तारा घामाघूम होऊन शांत झोपली. तोवर इकडे कलाबाईंची पिशवी भरून तयार होती. सगळ्यात आधी त्यांनी त्यात आपली लाल साडी घातली होती. संध्याकाळच्या भुसावळ गाडीनं त्या भावाकडे निघाल्या होत्या, आणि परत यायचा विचार नव्हता.

तीन वाजता पहिली पाळी संपवून हिलालभाई आले. दारात पिशवी, आत रडून लाल डोळ्यांची सून.

"काय व्हयनं?"

"ईचारा तुमनी केमिस्ट्रीले," कलाबाई म्हणाल्या. "मना हातनं औषध देवानं नही. मना हात आते खराब व्हयना."

हिलालभाईंनी बाटली उचलली, चष्मा लावला, मागचं बारीक अक्षर वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते खालीच बसले.

"कला, तू चमचाभर, म्हणजे पाच मिलिलिटर देणार होतीस?"

"पाचच. डॉक्टर पाच म्हणे, मी पाच दी ऱ्हायनू. काय चुकनं?"

"एकात शंभर. पाचात किती?"

"पाचशे," कलाबाईंनी फणकाऱ्यानं सांगितलं. "पाचशे मिलिग्रॅम म्हणजे तरी किती? अर्धा ग्रॅम! हळदनी चिमूट तरी मोठी ऱ्हास."

"बरं. तुझं डोकं दुखतं तेव्हा तू याच औषधाची जी गोळी घेतेस, ती कितीची असते?"

कलाबाईंचा आवाज खाली आला. "पाचशेनी."

"तू साठ किलोची. तारा नऊ किलोची. मिलमध्ये मी कापडाचं वजन बघितल्याशिवाय रंग घालत नाही. आणि आपण बाईची अख्खी गोळी लेकराच्या घशात घालायला निघालो होतो. तीही सहा सहा तासांनी, दिवसातून चारदा!"

तरी कलाबाईंचा हट्ट गेला नव्हता. हळूच म्हणाल्या, "पण नाव तं तेच व्हतं."

हिलालभाईंनी दारातल्या पिशवीकडे पाहिलं. वर लाल पदर दिसत होता. तो पाहून त्यांनी चष्मा काढला. मग घसा साफ केला.

"ती साडी तुला कुणी दिली?"

"तुम्ही. चेतनना जनमना वखतले. मनासाठे खास रंगवी लयनात." एवढ्या रागातही त्यांचा आवाज मऊ झाला.

"खास नाही रंगवली. चुकून रंगली. त्या लॉटला फिका गुलाबी रंग लागायचा होता. मिलमध्ये रंग आधी पाण्यात कालवून ठेवतात. दोन पिंपं होती. नाव एकच, रंग तोच. एकात लिटरला दहा ग्रॅम, दुसऱ्यात लिटरला शंभर. मला पहिल्यातले पाच लिटर घ्यायचे होते, मी दुसऱ्यातले घेतले. पन्नास ग्रॅमच्या जागी पाचशे! लॉट लालभडक निघाला. आठवडाभर मी मालकासमोर मान वर केली नाही. त्यातलीच एक साडी घरी आणली आणि तुला म्हणालो, खास तुझ्यासाठी."

"अरे देवा!" वर्षाच्या तोंडून निघालं.

कलाबाई उठल्या. पिशवीतून साडी ओढून काढली आणि ती घडीच नवऱ्याच्या पाठीत हाणली.

"सव्वीस वरीस! चेतनना लगीनमां सगळास्ले सांगं मी, मन्हा मालकनी खास रंगाडी म्हणून!"

"मार, मार," हिलालभाई म्हणाले. "पण कापडाचं चुकलं तर साडी नेसता येते, कला. लेकराचं चुकलं असतं तर?"

कलाबाईंचा हात खाली आला. त्या झोपलेल्या ताराजवळ गेल्या, तिच्या कपाळाला हात लावून बघितला, आणि मग तोंडाला पदर लावून रडल्या.

"पोरी," हिलालभाई सुनेला म्हणाले, "तू दूध मोजायचीस तेव्हा मी हसायचो. माझा धंदाच मोजायचा, आणि हसलो तुला. चुकलं माझं."

"मामाजी, असं काय..."

"ऱ्हाऊ दे, बोलू दे त्यास्ले," कलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "कधी नव्हं ते कबूल करी ऱ्हायनात."

संध्याकाळची गाडी कलाबाईंना न घेताच गेली. त्यांनी सातही टोप्यांतल्या टिकल्या वाट्यांमध्ये ओतल्या. टोप्या घासघासून धुतल्या, तरी डिंकाळलेल्या हातांचा वास जाईना, तेव्हा सगळ्या केरात टाकल्या. मग सिरिंज हातात घेऊन सुनेपुढे बसल्या.

"सव्वा म्हणजे कोणती रेघ? दाखाड माले. रातले तू झोपशी, औषध मी दिसू."

वर्षानं दाखवलं. कलाबाईंनी तीनदा पाणी ओढून बघितलं. चौथ्यांदा बरोबर रेघेवर थांबल्या.

नागरिकहो, सढळ हात ही मोठी दौलत आहे. ती भाकरीला लावा, पाहुण्याला लावा, शेजाऱ्याला लावा. पण औषध हातात आलं की नुसतं "किती" विचारून भागत नाही. पाच कशाचे, आणि त्या प्रत्येकात आहे किती, हे बाटली फिरवून वाचा. कळलं नाही तर विचारा, मग विचारायला आपली सून का असेना. मोजल्यानं माया कमी होत नाही. मोजणारी माणसं जपणारीही असतात.

आणि ती लाल साडी? पुढच्या महिन्यात शेजारच्या लग्नात कलाबाई तीच नेसून गेल्या. कुणी रंगाची तारीफ केली की सांगायच्या, "लिटरले शंभर ग्रॅम शे. मन्हा मालकनी चूक. पण मी मोजीसन सांगस!"