गंगीच्या बरणीतला कीस

मी किसाची चक्की. हो, तीच, पावशीच्या, म्हणजे तुमच्या विळीच्या, पाटावर बसलेली, लाकडी मुठीची. रोज मी तुमचंच ऐकते. आज जरा माझंही ऐका.

माझा जन्म लोखंडाचा. साच्यात ओतली, पोटात दातेरी डबा बसवला आणि वरून कल्हईचा चांदीसारखा अंगरखा चढवला. वरून फोडी टाका, झाकण दाबा, मूठ फिरवा, खाली कीस.

छप्पन सालच्या चैतात धावजीनं मला घाटंजीच्या बाजारातून तांड्यावर आणलं, ते हौसेनं नाही. त्याची बायको बिजलीबाई. तिचा उजवा हात त्या हिवाळ्यात कापसाच्या गाडीखाली आला होता. हात राहिला, पण बोटं मिटेनात. पावशीवर कैरी धरणं संपलं.

आणि तांड्याची रीत अशी, की नांदायला जाणाऱ्या पोरीसोबत बिजलीबाईच्या गुळांब्याची बरणी जायची. बरणीशिवाय एकही पोर गेली नव्हती. त्या वैशाखात तिच्या जावेची, रामीबाईची, लेक गंगी निघायची होती.

मला पाहून रामीबाई हसली. "काहून वो बाई, आता गुळांबा गिरणीत दळता काय?"

"हास तू. तुह्याच पोरीची बरणी होय," बिजलीबाई म्हणाली.

मला आवळायला मेजाची कड लागते, आणि तांड्यात मेज कुठलं? बाजेला आवळलं तर बाजच नाचायला लागली. शेवटी बिजलीबाईनंच तोड काढली. पावशीचं पातं उपटायला लावलं आणि त्याच पाटावर मला बसवलं. उजव्या तळव्यानं झाकण दाबायचं, डाव्या हातानं मूठ फिरवायची. पाच कैऱ्यांचा कीस बघता बघता परातीत पडला. हिवाळ्यानंतर त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

मग रामीबाईची माया आडवी आली. लग्नाचे पाहुणे येणार, चक्की चमकली पाहिजे, म्हणून तिनं मला घासायला घेतलं. भांड्यात तोंड दिसल्याशिवाय तिचा हात थांबत नसे. राख, विटकर, चिंच. तीन दिवस! मी लखलखले खरी, पण अंगरखा गेला. चौथ्या दिवशी टोपलंभर कैरी किसली, तर कीस काळा.

"नजर लागली वो चक्कीले," रामीबाई घाबरून म्हणाली.

बिजलीबाई काळा कीस बघत बसली. लग्नाला पाच दिवस होते. गंगी जवळ आली. "राहू दे मोठमाय. मी बिनबरणीची जातो."

"जीभ आवर!" बिजलीबाई म्हणाली, मला ओटीत घेतलं आणि गाडीत बसली.

घाटंजीत कय्युमभाई कल्हईवाल्यानं मला उलटंपालटं केलं. "बाई, हे काय पाणी भरायचा पितळेचा गुंड होय? उघडं लोखंड अन् आंबट कैरी, काळं नाही होईन तं काय होईन? घासू घासू हिची चामडीच काढली तुम्ही." भाता फुंकला, नवसागर टाकला, मला पुन्हा चांदीची केली. "आता इले राख दाखवान, तं मले तोंड दाखवू नका."

गुळांबा झाला, सोनेरी, एकसारखा. गंगीच्या मांडीवर बसून बरणी सासरी गेली.

अशी चक्की घरात असावी का, असं विचाराल तर खरं सांगते. दोन कैऱ्यांसाठी मला काढू नका. किसण्यापेक्षा मला धुवायलाच वेळ लागतो. दोन कैऱ्या पावशीवरच बऱ्या. पण टोपलं भरलेलं असेल, किंवा घरातला एखादा हात थकला असेल, तर मला अडगळीत टाकू नका.

आता बासष्ट साल. अकरा बरण्या झाल्या. माझी मूठ एका बाजूनं झिजली आहे, बिजलीबाईचा डावा अंगठा बसतो तिथं. परवा गंगी बाळंतपणाला आली, रिकामी बरणी घेऊन.

"मोठमाय, सासू इचारून राह्यली होती, एवढा बारीक कीस कोणाच्या हातचा? मी म्हटलं, मोठमायच्या."

"अन् चक्कीचं नाव नाही घेतलं?" रामीबाईनं टोकलं.

"चक्की काय येगळी हाये, माय?"

मी कोपऱ्यात बसल्या जागी ताठ झाले. कारखान्यानं मला चक्की केलं होतं. या घरानं हात केलं.

बरणी धुऊन पालथी घातली आहे. कैऱ्या उतरल्या आहेत. या बिजलीबाई, धरा मूठ. फक्त रामीबाईला सांगा, राख तिकडंच राहू द्या.