खाचेतला पाना

दर दसऱ्याला मी माझा पाना घरी नेतो, हे विमानांच्या हँगरमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या घाटघरला कोयता, विळा, नांगराचा फाळ पाटावर मांडून झेंडू वाहतात. भाताची खाचरं भावानं सांभाळली. मला जेवू घातलं पान्यानं. मग तो पाटावर नको? आणि दुकानातला कोरा पाना पूजेला चालत नाही, कामाचाच लागतो.

हँगरचा नियम मात्र कडक. प्रत्येक हत्यारावर नंबर आणि पेटीत त्याच्या आकाराची खाच असते. काम संपलं की मोजायचं. एक खाच रिकामी दिसली तरी विमान हलत नाही. म्हणून मी तसाच दिसणारा दुसरा पाना विकत घेतला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो खाचेत, खरा पिशवीत. बावीस वर्षं बिनबोभाट चाललं.

बावीस वर्षं म्हणजे थोरली आली तेव्हापासून. थोरली हे आमच्या विमानाचं लाडाचं नाव. आत खुर्च्यांमधून दोन वाटा, तीनशे माणसं, लांबचा पल्ला. दोन इंजिनांवर बारा-बारा तास समुद्र ओलांडणार म्हटल्यावर जुने लोक हसले होते. तिनं ओलांडला, आणि चार इंजिनांची धेंडं भंगारात गेली. साथीच्या वर्षी तिनं अडकलेली माणसं घरी आणली. तिच्यासोबतच्या पाच जणी एव्हाना कापल्या गेल्यात. ही एकटी उरली, म्हणून जरा जास्तच जीव.

यंदा दसऱ्याला साडेअकराला लंकानं, माझ्या बायकोनं, पाट मांडला. "अवं, पाना द्या की. फुलं सुकाया लागली."

पिशवीत पाना नव्हता. पिशवी उलटी केली, कपडे झटकले. मग आठवलं. नकली पाना मी काल सकाळीच खाचेत ठेवला होता. निघता निघता थोरलीच्या डाव्या इंजिनाचं झाकण बघायला सांगितलं, तिथं खरा वापरला, आणि एसटी चुकेल म्हणून पळालो. पेटी भरलेली, म्हणून कुणी शोधलं नाही. कुंपणानंच शेत खाल्लं.

थोरली एकला ऑस्ट्रेलियाला उडणार होती.

गावात रेंज नाही. नाणेघाटाच्या तोंडापर्यंत धावलो. पन्नाशीचा माणूस, छाती फुटायची बाकी होती. साडेबाराला कपिलला फोन लागला. माझ्याच हाताखाली शिकून साहेब झालेला पोरगा.

"जानकूभाऊ, पेटी मी स्वतः मोजली. भरलेली आहे."

"त्या पान्यावर नंबर न्हाई, बघ. मीच ठिवलाय. खरा डाव्या इंजिनात ऱ्हायलाय. थांबव तिला."

फोन कट झाला. परत लावला, उचलेना.

उडाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत थोरली आमच्या घाटावरून जाते. तिचा आवाज मी झोपेतही ओळखतो. सव्वा वाजला. एक विमान आलं. ते लहान होतं. बावीस वर्षं तिला वर बघून मी हात हलवला. त्या दिवशी पहिल्यांदा, ती येऊ नये म्हणून हात जोडले.

पावणेदोनपर्यंत ती आली नाही. दोनला फोन वाजला.

"सापडला," कपिल म्हणाला. "झाकणाच्या आत, तेलाच्या नळीला टेकून. माणसं उतरवली. तुम्ही आता येऊ नका, भाऊ. माझंही हँगरचं कार्ड काढून घेतलंय. मोजणीवर सही माझी होती ना."

मला रडू आलं. माझी नोकरी गेली याचं नाही; त्याची गेली याचं.

घरी लंका पूजेसाठी थांबली होती. सगळं ऐकून घेतलं. मग कुंकवाची वाटी उचलून म्हणाली, "पाना न्हाई तर न्हाई. हात पुढं करा. कामाचं त्येच हायेत."

"या हातांना नको," मी म्हणालो आणि ते पाठीमागं नेले.

तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग कोयत्याला, विळ्याला, फाळाला कुंकू लावलं. पाटावर पान्याची जागा तेवढी रिकामी राहिली. सोनं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती दिसत होती.